बाप्पा पडले

आम्ही घाटनांदूरला राहायला गेलो त्याच्या आदल्या दिवशी आमचे घरमालक पडले होते.

मला ते ठाऊक नव्हतं. टेम्पोतून शिलाई मशीन उतरवून घेतलं, ओसरीला टेकवलं आणि मालकीणबाईंना विचारलं, "मालक कुठं आहेत? खोलीची किल्ली हवी होती." त्या शेंगा फोडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आत निजलेत. कालच्याला पडले ना."

मी त्यांच्यापाशी धावले. "अगं बाई! कुठं लागलं?"

"नाकाला."

"रक्त आलं का?"

"नाकच राहिलं न्हाई, रक्त कुठून येतंय."

मी घाईघाईनं पिशवीतून आईनं दिलेली खोबरेल तेलाची बाटली काढली आणि हळद मागितली. बाईंनी शेंग तशीच हातात धरून माझ्याकडं पाहिलं. तेवढ्यात आतून जाड आवाज आला, "कोण हाय? मतमोजणीवाला आसंल तर म्हणावं, बाप्पा मेले!"

मग उलगडा झाला. ते ग्रामपंचायतीला उभे राहिले होते आणि पडले होते. दरवेळी उभे राहायचे आणि दरवेळी पडायचे. किती वेळा, ते गावात कुणी मोजत नव्हतं. निवडणुकीत माणसं पडतात हे मला समजत नव्हतं असं नाही, आमच्या कोकणातही पडतात. पण त्या दिवसांत पडणं म्हटलं की मला फक्त मोडलेलं हाड दिसायचं.

त्या भागात घरातल्या मोठ्या माणसाला बाप्पा म्हणतात. आमच्याकडं बाप्पा म्हणजे गणपती. वर्षातून एकदा येतात, लाड करून घेतात आणि पाण्यात जातात. हे बाप्पा बाराही महिने घरातच असायचे आणि निवडणूक आली की पाण्यात जायचे. एवढाच फरक. पोटही तसंच होतं.

माझं शिक्षण सातवीपर्यंत. पुढं शाळा नाही, शिलाई. आमचे हे रस्त्याच्या कामावर जेसीबी चालवायचे. रस्ता जाईल तिकडं आमचं बिऱ्हाड. ते आठवडाभर साईटवर आणि मी परक्या गावात, ब्लाउजांच्या ढिगात एकटी. अशात, घाटनांदूरच्या आधीच्या बिऱ्हाडात, सकाळी बोटं सुजायला लागली. सुईत दोरा ओवता येईना, गुडघे धरले. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी सांगितलं, हा सांध्यांचा आजार आहे. आपलंच शरीर आपल्या सांध्यांवर उठतं. त्यावर त्यांनी स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या. दोरा पुन्हा ओवला गेला तेव्हा मी त्या गोळीला हात जोडले होते.

पण डॉक्टर पुढंही बोलले होते. या गोळ्या बरेच दिवस घ्याव्या लागतील. मनानं बंद करायच्या नाहीत, एकदम तर नाहीच. आणि या गोळ्यांनी हाडं ठिसूळ होतात, तेव्हा दूधदुभतं, पालेभाज्या खा, कोवळं ऊन घ्या, रोज चाला, ओझी उचलू नका आणि पडू नका. एवढ्या सगळ्यातलं माझ्या डोक्यात एकच राहिलं, हाडं ठिसूळ. आमच्या कोकणातल्या घरात दाराच्या चौकटीला वाळवी लागलेली मी पाहिली होती. बाहेरून रंग तसाच आणि बोट दाबलं की आत पोकळ. मला रात्रंदिवस वाटायचं, मी आता तशी चौकट झाले. इथं मोडून पडले तर करणार कोण? आई तिकडं समुद्रापाशी, नवरा रस्त्यावर. कधीकधी वाटायचं, ही गोळीच नको. मग बोटं आठवायची आणि गिळायचे.

हे सगळं मी एकदा मालकीणबाईंना सांगितलं. त्यांना सगळे आक्का म्हणायचे. आक्कांनी ते बाप्पांना सांगितलं. आणि बाप्पांना सांगितलं म्हणजे गावाला सांगितलं.

दुसऱ्याच दिवशी सकाळी मी हौदावर घागर भरली आणि कमरेवर घ्यायला वाकले. ओसरीवरून आवाज आला, "हाड!"

मी मागं पाहिलं. कुत्रं कुठंच नव्हतं. पुन्हा वाकले. पुन्हा, मोठ्यानं, "हाड! हाड!"

ओसरीवर बाप्पा एकटेच होते आणि हौदावर मी एकटीच होते. म्हणजे हाड कुणाला म्हणाले ते स्पष्टच होतं. मी घागर तिथंच टाकली, खोलीत गेले आणि ह्यांना फोन लावून रडले. "दुसरी खोली बघा. इथं मला कुत्र्यासारखं हुसकावतात."

आमचे हे रविवारी तडक आले. एरवी शांत माणूस, पण जेसीबीवर बसून बसून मान ताठ झालेली. "बाप्पा, माझ्या बायकोला हाड म्हणालात?"

"म्हणलो," बाप्पा म्हणाले. "कावून म्हणू नये?"

"ती काय कुत्रं आहे?"

बाप्पा ह्यांच्याकडं बघतच राहिले. मग मांडीवर थाप मारून म्हणाले, "आरं, हाड म्हंजे हाड बे! हे, हे!" आणि स्वतःच्या नडगीवर टकटक वाजवून दाखवलं. "तिच्या ध्यानात राहावं म्हणून म्हणायलो. 'लेकी, तुझी हाडं कच्ची हायेत, वाकून वजन उचलू नको' एवढं म्हणेस्तोवर घागर कमरेला लागती. घोषणा बारकी पाहिजे. माझ्या समद्या घोषणा लांब हुत्या, म्हणून तर पडलो."

आक्का आतून म्हणाल्या, "घोषणा लांब आन् मतं आखूड."

त्या दिवसापासून हाड हा शब्द गल्लीत रुळला. मी पायरी उतरताना लक्ष चुकलं की शेजारीण म्हणायची, हाड. भाजीवाली मला जड पिशवी उचलू द्यायची नाही, म्हणायची, हाड गं बाई. कुणी राग धरला नाही, मीही नाही. गोंधळ झाला तो गल्लीतल्या कुत्र्यांचा. हाड म्हटलं की ती आधी माझ्याकडं बघायची, मग एकमेकांकडं, आणि तिथंच बसून राहायची.

बाप्पांनी माझी हाडं वॉर्डासारखी ताब्यात घेतली. अंगणात शेवग्याचं झाड होतं. त्याचा पाला रोज माझ्या दाराला अडकवलेला असायचा. दारातल्या शेळीचं दूध पहिलं मला. आक्का बडबडायच्या, "करडाला ठिवा थोडं." बाप्पा म्हणायचे, "करडाची हाडं टणक हायेत, तक्रार आली न्हाई." सकाळी कोवळ्या उन्हात माझी बाज ते स्वतः सरकवायचे. "बीड जिल्ह्यात एकच गोष्ट फुकट हाय. घे, लागंल तेवढं घे."

आणि चालणं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की चाललं की हाडांवर भार पडतो आणि ती धरून राहतात. मग रोज सकाळी बाप्पा पुढं आणि मी मागं, रेल्वे स्टेशनपर्यंत. ते काठीनं वाटेतला प्रत्येक दगड बाजूला सारायचे, दिसेल त्याला हात जोडायचे. लोक विचारायचे, "बाप्पा, निवडणूक तर झाली. आता कावून फिरायलेत?"

"हाडाचा प्रचार हाय बे."

"चिन्ह कोणतं?"

बाप्पा काठीनं माझ्याकडं दाखवायचे. मी पदर तोंडावर घ्यायचे. चेहरा तेव्हा गोळ्यांनी सुजून भाकरीसारखा गोल झाला होता, मला तो कुणाला दाखवायची लाज वाटायची. पण बाप्पांच्या मागं चालताना माझ्याकडं कुणी बघायचंच नाही. एवढं झाकणारं माणूस मला पुन्हा मिळालं नाही.

पुढं डॉक्टरांनी हाडांची तपासणी केली आणि आणखी एक गोळी वाढवली. ही आठवड्यातून एकदाच. रविवारी सकाळी उठल्या उठल्या, रिकाम्या पोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर गिळायची. चहा नाही, दूध नाही, नाश्ता नाही. आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर गोळी अन्ननलिकेला चटका देते. उभं राहा नाहीतर ताठ बसा.

मी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा बाप्पांनी पुन्हा पुन्हा खात्री करून घेतली.

"अर्धा तास आडवं व्हायचं न्हाई?"

"नाही."

"चहा करायला बी उठायचं कारण न्हाई?"

"चहाच नाही तर उठणार कशाला?"

"म्हंजे अर्धा तास माणूस जागचं हलू शकत न्हाई." त्यांचे डोळे चमकले. "आक्के, आगं ही तर सभा झाली!"

त्या रविवारी मी गोळी गिळून पेला खाली ठेवते तोच बाप्पा आतून बाहेर आले. पांढरा सदरा, टोपी, गळ्यात उपरणं. समोर स्टूल ठेवलं, त्यावर तांब्या. घसा साफ केला. "उपस्थित मतदार भगिनींनो..."

उपस्थित मी एकटी. आणि माझं मत कोकणात. मी तसं म्हणाले तर बाप्पा म्हणाले, "लई चांगलं. मत देणारा माणूस कधीच नीट ऐकत न्हाई."

मग दर रविवारी अर्धा तास. गावचं नळाचं पाणी, गाडीचा थांबा, स्मशानाचं पत्र्याचं छत, विरोधकाच्या मेव्हण्याची पिठाची गिरणी. आयुष्यभराची भाषणं त्यांच्याकडं साठून राहिली होती, कारण एकही कुणी शेवटपर्यंत ऐकलेलं नव्हतं. एकदा ते कसे पडले हे सांगताना म्हणाले, "पहिल्या टायमाला चिन्ह मिळालं छत्री. आता ह्या मुलखात छत्री कोण उघडतंय? पडलो. दुसऱ्या टायमाला दिली खाट. लोकायनी तिच्यावरच आडवं केलं."

"आन् शिट्टीच्या टायमाला?" आक्का चुलीपासून ओरडल्या.

"शिट्टी वाजलीच न्हाई."

मला हसू आवरेना. हसताना पाठ वाकली तर बाप्पा गरजले, "हाड! ताठ बस. अजून अर्धी सभा बाकी हाय."

माझी भीती त्या अर्ध्या तासात कुठं जायची कोण जाणे. रविवारची गोळी म्हटलं की मला धाकधूक वाटायच्या ऐवजी आज गिरणी निघते की गाडीचा थांबा, असं वाटायला लागलं.

सुकटीची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. आईनं गावाकडून डबा पाठवला. नाचणीचं पीठ आणि सुकट. माझी हाडं ऐकून तिचाही जीव थाऱ्यावर नव्हता. तिचं म्हणणं, बारीक मासळी काट्यासकट खाल्ली की हाडाला हाड मिळतं. पण आक्का माळकरी. त्या घरात अंड्याचं नाव निघायचं नाही. मी आठवडाभर डबा ट्रंकेत दाबून ठेवला. शेवटी एका दुपारी आक्का कीर्तनाला गेल्या ते बघून गच्चीवर शेगडी पेटवली आणि मूठभर सुकट तव्यावर टाकली.

कोकणात तो वास घराघरात असतो, कुणी वळूनही बघत नाही. घाटनांदूरला तो वास स्टेशनपर्यंत गेला असावा. गल्लीतली सगळी कुत्री जिन्याखाली जमली. खालून बाप्पा काठी आपटत "हाड! हाड!" करत वर आले. मला कळेना, हे मला म्हणतात की कुत्र्यांना.

"काय शिजवायलीस गं?"

"औषध," मी म्हणाले.

त्यांनी तव्यात डोकावून पाहिलं. "ह्याला डोळे हायेत."

मी तव्यावर झाकण ठेवलं.

"हाडाचं हाय का?"

मी मान हलवली. बाप्पा जिन्यात जाऊन बसले, पहाऱ्याला. आक्का परत आल्या आणि नाकाला पदर लावून खालूनच ओरडल्या, "कसला वास सुटलाय हो?" तर बाप्पा म्हणाले, "औषधाचा. अंबाजोगाईवरून आलंय. लई कडू हाय म्हणं."

आक्का पदर तसाच धरून आत गेल्या. फक्त त्यानंतर महिन्यातून एकदा त्या न विचारता सांगायच्या, "मी उद्या दुपारी कीर्तनाला जायलेय. तुझं कडू औषध घ्यायचं राहिलं आसंल तर घे."

आता पुडीकडं येते.

एवढं वय असून बाप्पा पोरासारखे चालायचे. त्याचं गुपित होतं एक पुडी. बाजाराच्या दिवशी मोटारसायकलवर एक माणूस यायचा, पेटी उघडून बसायचा आणि गुडघ्यांसाठी झाडपाल्याचं चूर्ण विकायचा. बाप्पा ती पुडी बरीच वर्षं रोज घेत होते. "डॉक्टरला आठ दिवस लागतेत ते ही एका घोटात करती," म्हणायचे. कुणी विचारलं की औषध घेता का, तर साफ नाही म्हणायचे. पुडी त्यांच्या हिशेबी औषध नव्हतीच.

बाप्पांचे गाल गोल होते. आक्का कौतुकानं म्हणायच्या, "खाल्लेलं आता कुठं अंगी लागायलंय." मानेखाली मांसाची वळी आली होती. हातावर जरा कुठं लागलं की जांभळे डाग उठायचे, ते म्हणायचे शेळीनं शिंग घासलं. एकदा मी आरशात बघून वेणी घालत होते आणि मागं ओसरीवर बाप्पा उभे होते. आरशात दोन तोंडं दिसली. दोन्ही सारखी, जुळी. मी घाबरलेच. मला वाटलं, माझा आजार त्यांना लागला! पुढचे काही दिवस मी त्यांचा पेला वेगळा धुवायचे.

त्याच सुमाराला बाप्पांनी एक पुडी माझ्या हातावर ठेवली. "तुझ्या त्या गोळ्या दे सोडून. हाडाची भीती न्हाई, तोंड सुजत न्हाई. झाडपाला हाय."

तोंड सुजत नाही, असं ते सुजल्या तोंडानं म्हणाले होते. पण मला मोह झाला. खोटं कशाला बोलू. गोळ्या बंद, वाळवी बंद, आणि माझा जुना चेहरा परत. पुडी मी तांदळाच्या डब्यात ठेवली आणि रोज तांदूळ काढताना तिच्याकडं बघायचे. घेतली नाही. त्यात शहाणपण नव्हतं. एकदम बंद करू नका असं डॉक्टर म्हणाले होते, तो आवाज कानात होता, आणि मी जात्याच घाबरट. पुढच्या खेपेला डॉक्टरांना दाखवून विचारायचं ठरवलं आणि पुडी औषधाच्या पिशवीत टाकली.

ती खेप यायच्या आधीच टँकर आला. नळ बरेच दिवस बंद होते, सगळी गल्ली हंडे घेऊन धावली. मीही धावले. गडबडीत विसरले आणि भरलेला हंडा उचलायला वाकले.

"हाड!"

बाप्पा गर्दीतून आले. माझा हात बाजूला केला, "सरक," म्हणाले आणि हंडा स्वतः उचलला.

तो निम्म्यावर गेला असेल. बाप्पा तसेच थांबले. तोंडावरचा रंग गेला. हंडा सुटला आणि पाणी माझ्या पायावरून गेलं. ते पडले नाहीत, टँकरला धरून वाकलेले उभे राहिले. "काय न्हाई, काय न्हाई. उसण भरली."

त्यांना घरात नेऊन निजवलं. एका रात्रीत उसण उतरते, ही उतरेना. कूस बदलताना तो माणूस ओरडायचा. आक्का दाराशी बसून होत्या आणि त्यांनी एकही टोमणा मारला नाही. त्यानं मला सगळ्यात जास्त भीती वाटली. बाप्पा आडवे होते आणि त्यावर घरात कुणी विनोद करत नव्हतं. माझं हाड वाचवायला आले आणि आडवे झाले, हे माझ्या डोक्यातून जाईना.

जीप करून अंबाजोगाईला नेलं. माझेच डॉक्टर होते. फोटो काढला. पाठीचा एक मणका दबला होता. डॉक्टर म्हणाले, "पडला होतात का?"

"मागच्या निवडणुकीला," बाप्पा कण्हत म्हणाले.

"नुसता हंडा उचलून मणका दबत नाही, हाडं ठिसूळ असल्याशिवाय." डॉक्टरांनी गालाकडं पाहिलं, मानेची वळी दाबली, हातावरचे डाग पाहिले. "कुठलं औषध घेता? बरेच दिवस चाललेलं?"

"कायबी न्हाई."

"एखादं चूर्ण? कुणी दिलेली गोळी?"

"न्हाई म्हणलं ना साहेब." आणि बाप्पांनी माझ्याकडं डोळे वटारले. गप्प बस, असा त्याचा अर्थ.

मी त्यांची भाडेकरीण. त्यांच्या शेळीचं दूध प्यालेली, त्यांच्या मागं तोंड लपवून चाललेली. चार माणसांत बोलायची मला सवय नाही, वर्गात सुद्धा हात वर केला नव्हता कधी. पण तो पांढराफटक चेहरा माझ्याच चेहऱ्यासारखा गोल होता. तोंडातून एकदम एकच शब्द निघाला.

"हाड!"

डॉक्टरांनी दचकून दाराकडं पाहिलं, कुत्रं शिरलं की काय म्हणून. बाप्पांना मात्र बरोबर समजलं. त्यांनी डोळे खाली घातले. मी पिशवीतून पुडी काढून टेबलावर ठेवली.

डॉक्टरांनी ती उघडून पाहिली. "यात काय आहे ते तपासल्याशिवाय मी सांगणार नाही. पण असल्या चूर्णात पुष्कळदा स्टिरॉइड मिसळलेलं असतं, आणि तुमचं अंग तेच सांगतंय. बाप्पा, तुम्ही आणि ही बाई एकाच औषधावर असणार. तिला ते मोजून मिळतं. हाडांची गोळी मिळते, तपासणी होते. तुम्हाला नुसतं मिळत गेलं."

"आत्ता फेकून देतो भडव्याच्या तोंडावर," बाप्पा म्हणाले.

"एकदम बंद केलंत तर भोवळ येऊन खरोखरचे पडाल. शरीराला सवय झालीय. मी मोजून गोळी देतो, रक्त तपासतो, हळूहळू उतरवू."

येताना जीपमध्ये बाप्पांनी माझ्याकडं पाहिलं नाही. मला वाटलं, माझ्यावर रागावले. घाटनांदूरची पाटी दिसल्यावर म्हणाले, "विरोधकायनी मला पाडलं ते उघड पाडलं. हा गडी आतून पाडायलता."

मग आक्कांकडं वळून म्हणाले, "आन् ही बघ. सातवी शिकलेली. एका शब्दाचं भाषण केलं आन् सभा जिकली."

दुखणं जरा ओसरल्यावर, पाठीला पट्टा बांधून, बाप्पा बाजाराच्या दिवशी निघाले. आक्का नको म्हणत होत्या, मी तर रडकुंडीला आले होते. एका बाजूला आक्का आणि दुसऱ्या बाजूला मी. पुडीवाला नेहमीच्या जागी पेटी उघडून बसला होता, भोवती म्हातारीकोतारी. बाप्पांनी पिशवीतून तो फोटो काढला आणि उन्हाकडं धरला.

"बघा! हा माझा मणका. चपटा झालेला दिसायला का? ह्याच्या पुडीनं गुडघे पळाले आन् पाठ खाल्ली. माझं तोंड बघा, आन् आता तुमचं तुमी बघा. ज्याचं गोल आसंल त्यानं उद्या माझ्याबरूबर जीपमधी बसायचं. पुडी एकदम सोडायची न्हाई, मनानं घ्यायची बी न्हाई, डॉक्टरला इचारायचं." मग श्वास घेतला. घोषणा बारकी हवी, हे त्यांना आठवलं असावं. "हाड!"

म्हाताऱ्या एकमेकींच्या गालांकडं बघत होत्या. पुडीवाल्यानं पेटी कधी मिटली आणि मोटारसायकलला किक कधी मारली ते कुणी पाहिलं नाही. आक्का माझ्या कानात म्हणाल्या, "जल्मात पहिल्यांदा ह्यांच्या सभेतून कुणी उठून गेलं न्हाई."

"एक गेला," मी म्हणाले.

त्या रविवारपासून अंगणात दोन खुर्च्या, दोन पेले. बाप्पांनाही आठवड्याची गोळी लागली. अर्धा तास आडवं व्हायचं नाही असं आक्का बजावायच्या तेव्हा ते म्हणायचे, "उभं राहायचं मला नका शिकवू. आयुष्यभर तेच केलंय." सुरुवातीला त्यांना दम लागायचा, पाठ बोलू द्यायची नाही. पहिल्याच रविवारी म्हणाले, "आज तू बोल."

"मी काय बोलू?"

"मला इचारून बोलली हुतीस का दवाखान्यात?"

मग मी बोलले. समुद्र, वाळवी, आई सुकट कशी वाळत घालते, शाळा सुटली त्या दिवशी मी पाटी कुठं लपवली. सलग बोलत होते. थांबले तेव्हा अर्धा तास कधीच उलटला होता आणि आक्कांचा चहा उतू गेला होता.

पुढं रस्ता सरकला आणि आमचं बिऱ्हाड हललं. आता आम्ही पार तेलंगणाच्या हद्दीजवळ आहोत. माझ्या गोळीचं प्रमाण डॉक्टरांनी पुष्कळ खाली आणलंय, चेहरा बऱ्यापैकी माझा झालाय. रविवारी सकाळी फोन येतो, तो मी मशीनवर उभा करून ठेवते. तिकडं बाप्पा गिळतात, इकडं मी. मग सभा. मध्ये त्यांनी सांगितलं, गावात निवडणूक लागलीय, पट्टा बांधून पुन्हा उभा राहिलोय. मी नको नको म्हणाले. निकाल कधी ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

परवा मधल्याच वारी, भर दुपारी आक्कांचा फोन आला. आक्का कधी रविवारशिवाय फोन करत नाहीत. माझा पाय मशीनच्या पायडलवरच थांबला.

"हॅलो, आक्का?"

"हे पडले गं."

माझ्या हातातलं कापड गळून गेलं. डोळ्यांपुढं तो उन्हाकडं धरलेला फोटो आला. मणका, खुबा, मनगट. इतक्या लांबून मी जाणार कशी, कुणाची जीप मिळाली असेल, गोळ्यांची पिशवी बरोबर घेतली असेल का. कसंबसं विचारलं, "कुठं लागलं?"

आक्कांनी तिकडं एक शेंग फोडली. मग शांतपणे म्हणाल्या, "नाकाला."

मी तिथंच स्टुलावर बसले. हसत होते की रडत होते ते मलाच कळेना. तिकडून मागं तो जाड आवाज आला, "कोणाला सांगायलीस? तिला म्हणावं पडलो, पण उभाच हाय! अन् ती वाकून बसली आसंल बघ, पाठ ताठ कर म्हणावं."

मी खरंच वाकून बसले होते. पाठ ताठ केली, डोळे पुसले, फोन तोंडाशी धरला आणि अंगात होता तेवढा जोर लावून ओरडले, "हाड!"

दारात झोपलेलं कुत्रं उठून गेलं.